दूर बसलेला डॉक्टर आणि जवळचा रोगी



वैशाखातल्या उन्हाने दिवसभर भाजून निघालेली माणसे संध्याकाळी घरचा गारवा सोडून भाषण ऐकायला येतात, ही आपल्याकडची रीत जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला आणि पुढे गावोगाव ती प्रथा रुजली. या व्यासपीठांवरून इतिहास, धर्म, राजकारण यांवर बोलणे सोपे असते. कारण त्या विषयांत प्रत्येकाचे काही ना काही मत आधीच तयार असते. मी आज ज्या विषयावर बोलणार आहे, त्याविषयी बहुधा आपल्यापैकी थोड्यांचेच मत बनलेले असेल. मात्र त्या विषयाशी आपला प्रत्येकाचा संबंध कधी ना कधी, आणि बहुतेक वेळी रात्री-अपरात्री येतो. आपल्या शरीराच्या आतले चित्र काढले जाते. ते चित्र वाचणारा डॉक्टर कोण, तो कोठे बसलेला असतो आणि तो कोणत्या अवस्थेत ते वाचत असतो, हा आजचा प्रश्न आहे.

एका प्रसंगापासून सुरुवात करतो. मार्गशीर्षाचे दिवस होते. धानाचे पुंजणे रचताना एक गडी वरून खाली पडला. डोक्याला मार लागला. क्षणभर शुद्ध हरपली, पण लगेच उठून बसला, पाणी प्याला, घरच्यांशी बोलला. घरच्यांना वाटले, संकट टळले. रात्री नऊच्या सुमारास त्याला उलट्या सुरू झाल्या आणि तो गुंगीत जाऊ लागला. ज्या ठिकाणी त्याला नेले तेथे सिटी स्कॅनचे यंत्र होते, ते चालविणारा तंत्रज्ञही होता. चित्र वाचणारा डॉक्टर मात्र जागेवर नव्हता. तंत्रज्ञाने चित्रे काढली आणि पाठवून दिली. अर्ध्या तासात दूरच्या एका शहरातून दूरध्वनी आला, ‘कवटी आणि मेंदूवरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचते आहे. लेखी अहवालाची वाट पाहू नका, रोग्याला आत्ताच नागपूरला हलवा.’ गडी वाचला. पुढच्या खरिपात तो रोवणीला होता.

हा दूरध्वनी करणारी माझीच एक जुनी विद्यार्थिनी होती. ती मूळची आपल्याच जिल्ह्यातली. त्या वेळी तिचे मूल चार महिन्यांचे होते आणि शेजारच्या खोलीत झोपले होते. तिच्या घरात दोन मोठे पडदे, एक संगणक आणि एक खुर्ची, एवढाच तिचा दवाखाना. या एका प्रसंगात माझ्या विषयाच्या दोन्ही बाजू आलेल्या आहेत. ती दूर होती म्हणून त्या गड्याला रात्री नऊ वाजता डॉक्टर मिळाली. आणि ती दूर होती, याचाच दुसरा अर्थ असा की भंडाऱ्याची एक डॉक्टर भंडाऱ्यात नव्हती.

थोडे मागे जाऊ. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन या पदार्थवैज्ञानिकाला एक नवा किरण सापडला. त्याचे स्वरूप ठाऊक नव्हते, म्हणून बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्याला दिले. आपण त्याला क्ष-किरण म्हणू लागलो. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने आपल्या पत्नीच्या हाताचे चित्र घेतले. त्यात हाडे आणि बोटातली अंगठी स्पष्ट दिसते. राँटगेन ज्या संस्थेत संशोधन करी, तिच्याच वरच्या मजल्यावर त्याचे बिऱ्हाड होते. तेव्हा या विद्येचा आरंभच घर आणि कामाची जागा एकाच छपराखाली असताना झाला, असे गमतीने म्हणता येईल.

मी शिकत होतो त्या काळी चित्र म्हणजे फिल्म. ती अंधाऱ्या खोलीत धुवायची, चिमट्याला लावून वाळवायची आणि उजेडाच्या पेटीवर धरून पाहायची. शंका आली की ती मोठ्या लिफाफ्यात घालून रोग्याच्या भावाच्या हाती द्यायची, तो एस. टी. ने नागपूरला जाई, दिवसभर मोठ्या डॉक्टरांच्या दाराशी बसे आणि संध्याकाळच्या गाडीने परत येई. म्हणजे चित्र दूर पाठवून वाचून घेणे आपल्याला नवे नाही. नवा आहे तो वेग.

तारेवरून चित्र पाठविण्याचा प्रयोगही जुनाच आहे. अमेरिकेतील वेस्ट चेस्टर या गावाहून फिलाडेल्फियापर्यंत, सुमारे २४ मैल, टेलिफोनच्या तारेवरून क्ष-किरण चित्रे पाठविण्याचे काम १९४८ साली सुरू झाले आणि त्याचा वृत्तांत १९५० साली प्रसिद्ध झाला. फिलाडेल्फियाचे नाव मराठी माणसाला परके नाही. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली तेथेच डॉक्टरची पदवी मिळविली. त्यासाठी त्यांना समुद्र ओलांडावा लागला. त्याच नगरीत पुढे बासष्ट वर्षांनी असे दिसले की, डॉक्टरने रोग्याकडे जाण्याऐवजी रोग्याचे चित्रच डॉक्टरकडे जाऊ शकते.

आज हे कसे घडते, ते थोडा हिशेब मांडून सांगतो. सिटी स्कॅनचे यंत्र शरीराचे पातळ काप केल्यासारखी चित्रे घेते. एका कापाच्या चित्रात ५१२ ओळी आणि प्रत्येक ओळीत ५१२ ठिपके. त्यामुळे एक काप साधारण अर्ध्या मेगाबाइटचा होतो. एका रोग्याचे ६०० काप धरले तर ३०० मेगाबाइट झाले. तार सेकंदाला १० मेगाबिट वाहून नेणारी असेल तर हा भार चार मिनिटांत पोचतो. एकच मेगाबिट वाहणारी असेल तर चाळीस मिनिटे लागतात. डोक्यात रक्त साचत असलेल्या रोग्याच्या दृष्टीने या दोन आकड्यांमधले अंतर किती मोठे आहे, हे मी सांगावयास नको. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी एकमेकांची चित्रे वाचावीत म्हणून ‘डायकॉम’ नावाचा एक समान संकेत ठरला आहे. १९९३ पासून तो या नावाने चालतो. ही व्यवस्था उभी राहिली म्हणूनच वाचणारा डॉक्टर कोठेही बसू शकतो.

मग माणसांनी या सोयीचा उपयोग कसा केला? अमेरिकेतल्या रुग्णालयांना रात्री चित्रे वाचणारा डॉक्टर मिळणे कठीण जाऊ लागले. तेव्हा २००१ च्या सुमारास तेथील एका कंपनीने आपले डॉक्टर ऑस्ट्रेलियात सिडनीला बसविले; अमेरिकेत रात्र असते तेव्हा सिडनीत दिवस असतो. २००२ साली डॉ. अर्जुन कल्याणपूर यांनी बंगळूरला टेलिरेडिओलॉजी सोल्युशन्स ही संस्था सुरू केली आणि अमेरिकेतली रात्रीची चित्रे भारतातल्या दिवसा वाचली जाऊ लागली. महाराष्ट्रात पुण्याच्या कृष्णा डायग्नोस्टिक्स या कंपनीने मोठे वाचनकेंद्र उभारले. अनेक राज्यांतील सरकारी रुग्णालयांची चित्रे तेथे येतात. २०२० साली महामारीने सर्वांना घरात बसविले, तेव्हा अनेक डॉक्टरांच्या घरी वाचनाचे पडदे आले आणि टाळेबंदी उठल्यावरही ते परत गेले नाहीत.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. अमेरिकेची रात्र आपण आपल्या दिवसात वाचली. पण भंडाऱ्याची रात्र कोणाच्या दिवसात वाचली जाणार? येथील अहवालावर येथे नोंदणी झालेल्या डॉक्टरची सही हवी, आणि असे बहुतेक डॉक्टर आपल्याच घड्याळावर झोपतात व उठतात. तेव्हा आपल्या रात्रीसाठी आपल्यातल्याच कोणाला तरी जागावे लागणार. ते जागरण वाटून कसे घ्यावे, हा खरा प्रश्न आहे.

घरी बसून काम करणे हे काही भंडारा जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवायला नको. आपल्या पितळेच्या भांड्यांचा आणि कोशाच्या कापडाचा लौकिक मोठा आहे. पण हजारो घरांची चूल ज्या धंद्याने पेटविली तो धंदा विड्यांचा. आपल्या आया-आज्या मांडीवर सूप घेऊन, तेंदूची पाने कापून, मुलाला पायाने झोका देत विड्या वळीत. बाहेरच्याला ते स्वातंत्र्य वाटे. मालकाची शिट्टी नाही, हजेरी नाही, वाटेल तेव्हा बसावे, वाटेल तेव्हा उठावे! पण मजुरी हजारावर होती. म्हणून दिवा लागल्यावरही हात थांबत नसे. नापसंत विड्या बाजूला काढण्याचा अधिकार ठेकेदाराकडे होता. त्यावर बोलायला शेजारी कोणी सोबतीण नव्हती, कारण प्रत्येकजण आपापल्या घरात एकटी होती. १९६६ साली विडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला आणि घरी बसून वळणारीलाही त्याने कामगार म्हणून ओळखले. म्हणजे घरच्या कामाला मोकळीक असते, पण नियमाशिवाय ती मोकळीक टिकत नाही, हा धडा या जिल्ह्याने फार पूर्वी घेतलेला आहे.

आपण म्हणाल, डॉक्टरची आणि विडी वळणारीची बरोबरी कशी करता? मिळकतीत बरोबरी नाही, हे उघड आहे. परंतु जेथे प्रत्येक चित्रामागे अमुक रुपये असा दर ठरतो, तेथे डॉक्टरचाही हात थांबत नाही. पन्नास चित्रे वाचून झाली की डोळा म्हणतो पुरे. मन म्हणते आणखी दहा. आणि विडी सैल वळली गेली तर ती विझते; चित्र सैल वाचले गेले तर काय विझते, ते आपण जाणता. म्हणून मला असे सुचवावेसे वाटते की, दूर बसलेल्या डॉक्टरचे काम चित्रांच्या संख्येवर न मोजता तासांवर मोजावे. रात्रीची पाळी करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी सक्तीची विश्रांती असावी. काही ठिकाणी सात दिवस काम आणि सात दिवस सुटी अशी वाटणी करतात. काही ठिकाणी दोन डॉक्टर मिळून एका जागेचे काम सांभाळतात. अशा पद्धती आपल्याकडील रुग्णालयांनीही करून पाहाव्यात.

या सवलती म्हणजे डॉक्टरांचे लाड, असे कोणी समजू नये. पुष्कळ मुली वर्षानुवर्षे शिकून तज्ज्ञ होतात आणि बाळंतपणानंतर चोवीस तासांच्या पाळीला जाता येत नाही म्हणून घरी बसतात. तेथे समाजाची एक तयार विहीर बुजते. प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. तिने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची केली, आणि कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर परस्परसंमतीने घरून काम करण्याची वाटही दाखविली. चित्रवाचनाइतके त्या तरतुदीला साजेसे काम वैद्यकात दुसरे क्वचितच असेल.

आता दुसरी बाजू. दूर बसून काय होत नाही?

पहिली गोष्ट, सोनोग्राफी. तिच्यात चित्र आधी तयार होऊन मागाहून वाचायचे नसते. डॉक्टरचा हात रोग्याच्या पोटावर फिरतो आणि त्याच क्षणी डोळा पाहतो. शिवाय येथे कायदा आहे आणि तो असलाच पाहिजे. मुलीचा गर्भ ओळखून तो पाडण्याचे पाप थांबविण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ साली स्वतंत्र कायदा केला; देशाचा कायदा १९९४ साली झाला. २०१२ साली नियमांत दुरुस्ती करून, एका डॉक्टरने एका जिल्ह्यात दोनच केंद्रांत सोनोग्राफी करावी, अशी मर्यादा घालण्यात आली. सोय कितीही मोठी असली तरी काही ठिकाणी डॉक्टरने रोग्यापाशी स्वतः उभे राहिले पाहिजे, अशी समाजाची इच्छा त्या नियमात आहे, असा अर्थ मी लावतो.

दुसरी गोष्ट, सुई. गाठीतला तुकडा काढायचा, यकृतातला पू सुईने बाहेर घ्यायचा, ही कामे पडद्यावरून होत नाहीत. सिटी स्कॅनच्या वेळी शिरेतून औषध देतात. क्वचित एखाद्याला ते सोसत नाही, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. त्या क्षणी शेजारी डॉक्टर हवा. दूरध्वनीवरचा चालत नाही.

तिसरी गोष्ट सांगताना मला माझीच चूक सांगितली पाहिजे. एका केंद्राची चित्रे मी काही काळ घरून वाचीत असे. एका मध्यमवयीन माणसाच्या छातीचे चित्र आले. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात ठिपके होते. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, ‘खोकला’. मी क्षयाची दाट शंका लिहून मोकळा झालो. आठ दिवसांनी त्याच्या गावच्या डॉक्टरांचा फोन आला, ‘साहेब, थुंकीत जंतू सापडत नाहीत. आणि हा माणूस वीस वर्षे खडक फोडायच्या कामावर होता, ते आपल्याला कळले होते का?’ मला कळले नव्हते. कारण मी विचारले नव्हते. दगडाच्या धुळीने फुप्फुसे अशीच दिसतात. तो माणूस माझ्यासमोर बाकावर बसलेला असता, तर त्याच्या हातांवरचे घट्टे पाहून मी एक प्रश्न नक्की विचारला असता. मी अहवाल दुरुस्त केला. पण ते आठ दिवस त्याच्या घरच्यांनी कसे काढले असतील, हा विचार अजून मनातून जात नाही. चित्र तारेवरून जाते. रोग्याची हकीकत मात्र कोणी मुद्दाम पाठविली तरच जाते.

आणि चौथी गोष्ट. या गावात रुग्णालयाविषयी बोलताना ९ जानेवारी २०२१ ची पहाट विसरता येत नाही. जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० कोवळे जीव गेले. मी कोणावर बोट ठेवण्यासाठी ती आठवण काढीत नाही. पण त्या दिवसापासून यंत्रांनी भरलेल्या खोलीविषयी कोणी अभिमानाने सांगू लागला, की तेथे रात्री माणसे कोण असतात, हे मी आधी विचारतो. तोच प्रश्न आपणही विचारावा.

काही जण म्हणतील, आता संगणकच चित्रे वाचू लागला आहे, मग दूरचा काय आणि जवळचा काय, डॉक्टर हवाच कशाला? संगणक वाचतो, हे खरे आहे. मुंबईत २०१६ साली सुरू झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणाली छातीच्या चित्रात क्षयाच्या खुणा शोधते. आणि १५ वर्षे व त्यावरील लोकांच्या क्षयतपासणीत अशा प्रणाली वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली संमती दिली. हजार चित्रांतून संशयास्पद पन्नास वेगळी काढण्यास तिचा मोठाच उपयोग आहे. पण ‘तू खडक फोडीत होतास का?’ हे त्या गृहस्थाला कोणी तरी विचारलेच पाहिजे. ते मी विसरलो होतो. संगणकाला तर ते सुचण्याचे कारणच नव्हते.

मग भंडाऱ्याने काय करावे? ९ ऑक्टोबर २०२४ रोजी महाराष्ट्रातील १० शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन पंतप्रधानांनी केले. त्यांत आपले भंडाऱ्याचे महाविद्यालय होते. ते उद्घाटनही दूरदृश्य यंत्रणेने, दुरूनच झाले! उद्घाटन दुरून झाल्याने बिघडत नाही. शिकविणे दुरून होऊ नये. विद्यार्थ्याच्या खांद्यावर हात ठेवून ‘येथे बघ’ असे सांगणारा शिक्षक जागेवरच हवा. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ‘घरून की रुग्णालयातून’ असा तंटा मुळात करूच नये. आठवड्यातील काही दिवस डॉक्टरने रुग्णालयात यावे. सोनोग्राफी करावी, सुईची कामे करावीत, विद्यार्थ्यांना शिकवावे, रोग्यांची तोंडे पाहावीत. उरलेले दिवस आणि ठरलेल्या रात्री घरून चित्रे वाचावीत. नागपूर येथून सुमारे साठ किलोमीटर. ज्या डॉक्टरला रोज हा रस्ता तुडवावा लागतो, तो दोन वर्षांत बदली मागतो. आठवड्यातून तीनदाच यावे लागले तर कदाचित तो टिकेल. आणि घरूनच वाचायचे असेल, तर ते घर भंडाऱ्यातच का नसावे? पूर्वी मोठ्या कामासाठी मोठ्या शहरात राहणे भाग होते. आता तुमसरच्या किंवा पवनीच्या मुलीने आपल्या आई-वडिलांजवळ राहून मुंबईची चित्रे वाचावीत आणि जिल्हा रुग्णालयातही काम करावे, हे शक्य झाले आहे. तार दोन्ही दिशांनी वाहते, हे आपण विसरतो.

आपणा नागरिकांकडेही काही काम आहे. अहवाल हाती आला की त्यावर वाचणाऱ्या डॉक्टरचे पूर्ण नाव आणि वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे की नाही, हे पाहा. नसेल तर विनयाने विचारा. तो आपला हक्क आहे. तंत्रज्ञाला आपली हकीकत सांगा. किती दिवसांपासून दुखते, काय काम करता, पूर्वी कोणते आजार झाले, हे चिठ्ठीत लिहून घ्यायला लावा. जुन्या फिल्म, जुन्या चकत्या माळ्यावर फेकू नका. आजचे चित्र कालच्या चित्राशेजारी ठेवले की निम्मे निदान होते. आपले चित्र कोणाच्या खासगी फोनवरून फिरत असेल तर हरकत घ्या. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला आहे. आणि डॉक्टरशी दोन शब्द बोलायचे असतील तर तशी सोय मागा. वाचणारा कोठेही बसो, तो फोनवर सापडला पाहिजे.

त्या पुंजण्यावरून पडलेल्या गड्याने माझ्या विद्यार्थिनीला अजून पाहिलेले नाही. पण बरा झाल्यावर त्याने तिचा पत्ता विचारून घेतला आणि नव्या तांदळाची एक पिशवी माझ्याकडे आणून दिली, ‘त्या बाईंना पोचवा,’ म्हणून. तिला मी ती पोचविली. मला ती म्हणाली, ‘सर, इतकी चित्रे वाचली, पण चित्रामागचा माणूस घरी आला तो हा पहिलाच.’ गेल्या उन्हाळ्यापासून ती महिन्यातले दहा दिवस भंडाऱ्यात येऊन काम करते, बाकीचे घरून. तांदळाने ती आली, असे मी म्हणत नाही. तिच्या कामाच्या वेळा कोणीतरी समजुतीने आखून दिल्या म्हणून ती येऊ शकली. तशी आखणी करणे आपल्या हातात आहे. ती आपण केली, तर दूर बसलेले आणखी काही डॉक्टर जवळ येतील, असा मला भरवसा वाटतो.